नाथ पैंचं १९६७ चं विधेयक आज आपल्या बाजूचं की आपल्या विरोधातलं?

शहापूरकर
जानेवारी आला की आमच्याकडं बेळगावात १७ ला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन आणि लगेच १८ ला बॅरिस्टर नाथ पैंची पुण्यतिथी. १७ जानेवारी १९७१ ला ते हुतात्म्यांना अभिवादन करायला बेळगावात आले, तब्येत बरी नसताना भाषण केलं आणि त्याच रात्री १८ तारखेच्या आत-बाहेर इथंच गेले, वय फक्त ४८. एवढं सगळ्यांना पाठ आहे, कारण दरवर्षी सगळे वक्ते एवढंच सांगतात. हार घालतात, फोटो काढतात, आणि चहाला जातात.

माझी तक्रार अशी की माणूस १९५७, १९६२ आणि १९६७ असा तीनदा राजापूरमधून लोकसभेवर निवडून गेला, प्रजासमाजवादी पक्षाचा, विरोधी बाकावरचा, त्यांनी त्या तेरा-साडेतेरा वर्षांत देशाच्या पातळीवर नेमकं काय मांडलं ह्याच्यावर आपल्याकडं कोण चकार शब्द काढत नाही. शहापुरात त्यांच्या नावाचा चौक आहे, रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो, पण तिथं उतरणाऱ्या दहा जणांना ‘नाथ पै विधेयक’ म्हटलं तर आठ जण तोंडाकडं बघतील.

तर थोडक्यात सांगतो. २७ फेब्रुवारी १९६७ ला सुप्रीम कोर्टानं गोलकनाथ खटल्यात ६ विरुद्ध ५ असा निकाल दिला की संसदेला मूलभूत हक्क काढून घेणारी किंवा आखडणारी घटनादुरुस्ती करताच येणार नाही. त्याच सुमारास निवडणुका होऊन नवी लोकसभा बसली आणि एप्रिलमध्येच नाथ पैंनी खासगी विधेयक आणलं, की घटनेतलं कुठलंही कलम दुरुस्त करायचा अधिकार संसदेला आहे हे ३६८ व्या कलमात स्पष्ट लिहा. संयुक्त समितीकडं गेलं, परत आलं, चर्चा झाल्या, पास काही झालं नाही. २७ डिसेंबर १९७० ला इंदिराबाईंनी लोकसभा विसर्जित केली तसं ते विधेयकही गेलं, आणि तीन आठवड्यांत विधेयकवालाही गेला. मग १९७१ मध्ये सरकारनं २४ वी घटनादुरुस्ती केली, तिचा गाभा तोच.

आता माझा प्रश्न. आपण मराठी माणसं इथं संख्येनं कमी (कर्नाटक राज्यात म्हणतोय, शहरातलं गणित वेगळं), बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून २००४ पासून सुप्रीम कोर्टाच्या दारात बसलोय. आणि आपण ज्यांना आपला माणूस म्हणतो त्यांचं संसदेतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ‘कोर्टापेक्षा संसद वर’ हे सांगणं. हे पचतंय का बघा.

खानापूरचा_गडी
काय गा शहापूरकर, सकाळी सकाळी एवढं जड. खरं एक सांग, गोलकनाथ म्हणजे कोण? कोर्टात गेला ते कशासाठी गेला?

टिळकवाडी_वकील
जालंधरचं जमीनदार कुटुंब. पाचशे एकरांच्या वर जमीन, पंजाबच्या कायद्यानं माणशी ३० एकर ठेवा बाकीची सरकारजमा म्हटल्यावर ते कोर्टात गेले, मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्क होता ना. पण बेळगावकरांना एक माहीत नसतं. त्याच निकालात पंजाबच्या जोडीला आपल्या म्हैसूर (म्हणजे आताच्या कर्नाटक) राज्यातल्या याचिका पण होत्या, म्हैसूर जमीन सुधारणा कायद्याला आव्हान देणाऱ्या. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला ज्या राज्यात ढकललं त्या राज्याचा कुळकायदा त्या खटल्यात पणाला लागलेला होता. निकालात त्या वेळचे कायदे वाचले, कारण कोर्ट म्हणालं की मागचं उकरत नाही, इथून पुढं मात्र नाही.

खानापूरचा_गडी
आता कळालं. आमचा आज्जा कूळ होता गा. मालक गावात राहायचा न्हाई, सुगीला माणूस पाठवून वाटा न्यायचा. १९७४ ला देवराज अरसांचा कायदा आला तवा फॉर्म नंबर सात, म्हणजे कुळाचा जमिनीसाठीचा अर्ज भरला, ट्रिब्युनलपुढं उभा राहिला, तिथं सगळं कानडीत, आज्ज्याला सही मराठीत पण धड येत नव्हती, अंगठाच. दुसऱ्या गावच्या एका कानडी मास्तरनं त्याला सगळं वाचून सांगितलं. तो निकालाचा कागद अजून आमच्या ट्रंकेत आहे, घड्या पडून मधोमध फाटलाय, बापानं मागून पोस्टाच्या पाकिटाचा कागद चिकटवलाय. तो कागद आला म्हणून उताऱ्यावर आमचं नाव आलं, नाहीतर आज मी इथं टाईप करत बसलो नसतो, कुणाच्या तरी शेतात असतो.

तर माझ्यापुरतं उत्तर सोप्पं आहे. नाथ पै बरोबर होते.

टिळकवाडी_वकील
गड्या तुझ्या कागदाला नमस्कार, पण एवढं सोपं नाही ते. गोलकनाथ तसाच राहिला असता तर पुढचे कुळकायदे कोर्टात अडकले असते हे मला मान्य, माझं पण मत तेच आहे. नाथ पैंच्या डोक्यात जमीन होती, गरीब होता, समाजवादी माणसाला दुसरं काय दिसणार. पण विधेयक जमिनीपुरतं नव्हतं ना. ‘कुठलंही कलम’ म्हणजे मालमत्तेचा हक्क पण आला आणि भाषण, सभा, अटकेपासूनचं संरक्षण सगळंच आलं, आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कलम २९ आणि ३०, भाषा जपायचा आणि आपल्या शाळा चालवायचा हक्क, तेसुद्धा आलं. विरोध करणाऱ्यांत स्वतंत्र पक्षवाले होते, त्यांना जमीनदारांचे वकील म्हणून सोडून देता येतं, पण त्यांची शंका अगदीच फालतू नव्हती. २४ व्या दुरुस्तीनंतर चार-पाच वर्षांत काय झालं बघा. १९७५ मध्ये आणीबाणी, ऑगस्टमध्ये ३९ वी दुरुस्ती, पंतप्रधानांच्या निवडणुकीवर कोर्टानं बोलायचंच नाही. १९७६ ला ४२ वी, घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच द्यायचं नाही. संसदेला सगळं करता येतं म्हटलं की संसद सगळंच करते.

वेंगुर्लेकर
तुमच्या कायद्याच्या गप्पांत मध्येच घुसतो, माफ करा, पण ते आमचे खासदार होते हे कुणीतरी लिहा की. जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२. शिक्षणाला तुमच्याकडं बेळगावात आले ते खरं, ४२ च्या चळवळीत होते, मग विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, तरुण समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले, लग्न पण व्हिएन्नाच्या बाईंशी. आणि असा माणूस परत येऊन कोकणातल्या लाल मातीत निवडणूक लढवतो! १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राची लाट होती हे धरलं तरी ६२ ला आणि ६७ ला लाट नव्हती, तरी लोकांनी निवडून दिला. कोकण रेल्वे लोकसभेत लावून धरली ती त्यांनी. त्यांच्यानंतर राजापूरला मधू दंडवते आले, ते तर नंतर रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले, १९९० ला कॉर्पोरेशन निघालं, गाडी पूर्ण धावली ती १९९८ ला. आता राजापूर मतदारसंघच नाही राहिला, फेररचनेत गेला.

आम्हाला एक कायम खुपतं, तुम्ही बेळगाववाले त्यांना १७-१८ जानेवारीपुरतं वाटून घेता आणि आम्ही रेल्वेपुरतं.

शहापूरकर
वेंगुर्लेकर, खुपतंय ते बरोबर आहे. पण वाटून घ्यायला कारण पण आहे बघा. इथून मराठी भूमिकेचा खासदार दिल्लीत पाठवणं आम्हाला जमलेलंच नाही, मतदारसंघाची बांधणीच अशी आहे की शहर, येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी हा मराठी पट्टा एका बाजूला आणि बाकीचे तालुके दुसऱ्या बाजूला. १९९६ ला तर लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले, मतपत्रिका छापता छापता यंत्रणा मेटाकुटीला आली, देशभर बातमी झाली, निवडून कोण यायचं ते आलंच. २०२१ च्या पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला एक लाखाच्या वर मतं पडली, भाजप-काँग्रेसमधलं अंतर साडेपाच हजारांच्या आत होतं, म्हणजे आमची मतं निकाल हलवतात खरं निवडून आणत नाहीत. मग कुणाच्या तरी खासदाराला आपलं म्हणायचं. आंबोली उतरलं की सावंतवाडी, वेंगुर्ल्याचा रस्ता इथूनच जातो, म्हणून तुमचा तो आमचा.

निपाणीची_ताई
मी शिक्षिका आहे, कायदा फार कळत नाही, पण ह्या धाग्यात एक गोष्ट सगळे गाळतायत असं वाटतं. १९६० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा देशभर संप झाला होता, पोस्ट, तार, रेल्वे सगळे, महागाई भत्त्याच्या आणि किमान वेतनाच्या मागणीवरून. सरकारनं वटहुकूम काढून तो संप बेकायदा ठरवला, हजारो लोकांना आत टाकलं, नोकऱ्या गेल्या. त्या संपाच्या पुढाऱ्यांत नाथ पै होते. म्हणजे सरकार बहुमताच्या जोरावर काय करतं हे त्या माणसानं जवळून पाहिलेलं होतं, सात वर्षांनी तोच माणूस म्हणतोय संसदेला पूर्ण अधिकार द्या. मला हे विसंगत वाटत नाही बरं का, उलट वाटतं की त्यांना संसदेवर भरवसा होता, सरकारवर नव्हता. आपण आज दोन्ही एकच समजतो कारण आजकाल विरोधी बाकावरच्याचं कोण ऐकतं? खासगी विधेयकाला शुक्रवारी दुपारचे अडीच तास, त्यात पण कोरम नसतो. स्वातंत्र्यानंतर आजपर्यंत १४ खासगी विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. त्या काळात एक कोकणातला विरोधी खासदार घटनादुरुस्तीचं विधेयक आणतो आणि सरकार, कोर्ट, वर्तमानपत्रं सगळ्यांना त्याच्यावर दोन-तीन वर्षं बोलायला लावतो, हे आज कुणाला जमेल सांगा.

टिळकवाडी_वकील
ताई, ‘संसदेवर भरवसा, सरकारवर नाही’ हे तुम्ही फार नेमकं लिहिलंत. फक्त तो भरवसा १९६७ च्या लोकसभेला बघून होता हे धरा, तिच्यात काँग्रेसचं बहुमत काठावर होतं, आठ-नऊ राज्यं हातची गेलेली, विरोधकांत एकसे एक बोलणारे. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश लागतात, ते एकट्या पक्षाला जमणार नाही, सगळ्यांना समजावूनच करावं लागणार, असं त्यांना वाटलं असावं. मार्च १९७१ ला इंदिराबाईंना एकटीला दोन तृतीयांश मिळाले आणि ते गणितच मोडलं. ते बघायला नाथ पै नव्हते.

कंग्राळी_बॉय
मी २३ वर्षांचा आहे. खरं सांगू का, मला नाथ पै म्हणजे चौक एवढंच माहीत होतं 😅 पण एक शंका आहे. सीमा बदलायला घटनादुरुस्तीच लागते ना? मग तर त्यांचं विधेयक आपल्यासाठी चांगलंच झालं की, संसदेनं ठरवलं तर बेळगाव महाराष्ट्रात.

शहापूरकर
नाही रे बाबा. कलम ३. संसदेला साध्या बहुमतानं राज्याच्या सीमा बदलता येतात, राष्ट्रपती त्या त्या विधानसभेचं मत मागवतात खरं ते बंधनकारक नसतं. आणि कलम ४ म्हणतं असा कायदा म्हणजे घटनादुरुस्ती समजायची नाही. म्हणजे उद्या मनात आणलं तर साधा कायदा करून होतंय. ह्यासाठी नाथ पैंचं विधेयक असलं काय नसलं काय. आणि १९५६ ला पण साध्या बहुमतानंच आपल्याला म्हैसुरात टाकलं, हे विसरू नको. संसदेनंच टाकलं.

कंग्राळी_बॉय
म्हणजे संसदेनं घातलं, संसदच काढू शकते, आणि आपण बसलोय कोर्टात?

टिळकवाडी_वकील
तू आत्ता जे बोललास ना पोरा, तोच कर्नाटकाचा कोर्टातला मुद्दा आहे. महाराष्ट्र २००४ ला कलम १३१ खाली गेला, दोन राज्यांतला वाद थेट सुप्रीम कोर्टात. कर्नाटक म्हणतं की सीमा हा विषय कलम ३ खाली संसदेचा, कोर्टाला अधिकारच नाही. आता गंमत बघा, ‘संसद श्रेष्ठ’ हा नाथ पैंचा पवित्रा आज बेंगळूरचे वकील दिल्लीत घेऊन उभे आहेत आणि नाथ पैंना हार घालणारे आपण कोर्टाचे पाय धरून बसलोय. शहापूरकरांच्या धाग्याचा खरा गाभा हा आहे, बाकी सगळं मला वाटतं सजावट.

खानापूरचा_गडी
वकीलसाहेब गंमत तुम्हाला, इथं एकवीस-बावीस वर्षं झाली केस उभी राहून. बापानं पहिल्यांदा सांगितलं तवा मी शाळेत होतो. तारीख पे तारीख करत आता माझा पोरगा शाळेत. आणि सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं तर आम्हाला महाराष्ट्रात सोडलं होतं गा! खानापूर, नंदगड, निपाणी धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हणाला, बेळगाव शहर मात्र तिकडंच ठेवलं, बदल्यात २४७ गावं कर्नाटकाला. महाराष्ट्रानं बेळगावसाठी तो अहवाल झिडकारला. आमच्या गावची म्हातारी अजून म्हणतात, बेळगावच्या नादात आमचं पण ऱ्हायलं.

शहापूरकर
गड्या हे जिवाला लागतंय, खरं बोललास त्यावर मी भांडणार नाही. अहवाल आला ऑगस्ट १९६७ ला, म्हणजे विधेयक मांडलं त्याच वर्षी. एका बाजूला दिल्लीत संसदेच्या अधिकारावर भांडायचं आणि दुसऱ्या बाजूला हा अहवाल. महाजन कोण होते? भारताचे माजी सरन्यायाधीश, मेहेरचंद महाजन. एका न्यायाधीशानं सीमा आखून दिली, ती आपल्याला नको होती. म्हणून मला वाटतं की त्या पिढीतल्या लोकांना ‘न्यायाधीश सांगेल ते’ ह्यावर भरवसा नसणं साहजिक होतं. गोलकनाथ फेब्रुवारीत, महाजन ऑगस्टात. नाथ पैंनी ह्या दोन गोष्टी कधी जोडल्या असं मी म्हणत नाही, जोडतोय मी.

निपाणीची_ताई
निपाणीला महाजननं सोडलं होतं हे आमच्या घरी पण ऐकत आलेय. पण माझं रोजचं दुखणं सीमा कुठं आहे त्यापेक्षा वेगळं आहे. १५ टक्क्यांपेक्षा जास्त भाषिक अल्पसंख्य असतील तिथं कागदपत्रं त्यांच्या भाषेत द्या ही केंद्राची जुनी भूमिका, त्यासाठी भाषिक अल्पसंख्याक आयुक्त पण घटनेत आहे, ३५० ब कलम. आणि वर्गात? एका पालकाला शाळेच्या योजनेचा फॉर्म कानडीत येतो, ती बाई विडी वळते, मराठी वाचते, फॉर्म माझ्याकडं घेऊन येते, मी भरून देते, खालची सही ती मराठीत करते. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कानडी हवी हा कायदा २०२४ ला झाला, पाट्या रंगवणाऱ्यांचं चांगलं झालं. तर मला विचाराल तर २९, ३०, ३५० अ (प्राथमिक शिक्षण मातृभाषेत) आणि ब ही कलमं कुठल्याच बहुमताच्या हातात नकोत. ना दिल्लीच्या ना बेंगळूरच्या, आणि मुंबईच्या पण नको, कारण उद्या बेळगाव महाराष्ट्रात गेलं तर इथली कानडी मुलं अल्पसंख्य होतील, त्यांच्यासाठी पण हीच कलमं लागतील. ह्या बाबतीत मी नाथ पैंच्या विरोधात.

वेंगुर्लेकर
ताईंना शंभर टक्के. (आणि शेवटचं वाक्य तुमच्याकडच्या सभेत कोण बोललं तर स्टेजवरून उतरवतील 🙂)

टिळकवाडी_वकील
ताई, तुम्हाला पाहिजे ते कोर्टानं अर्धं-मुर्धं दिलेलं आहे. २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. गोलकनाथ उलटवला, २४ वी दुरुस्ती वैध ठरवली, म्हणजे नाथ पैंचं म्हणणं मान्य केलं की संसद मूलभूत हक्कांत पण बदल करू शकते. आणि त्याच दमात सांगितलं की घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. मालमत्तेचा हक्क नंतर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून निघाला, गड्याच्या आज्ज्याचा कागद पक्का झाला. म्हणजे नाथ पैंना जे पाहिजे होतं ते मिळालं आणि त्यांच्या विरोधकांना ज्याची भीती होती त्याला लगाम पण बसला. फक्त भाषेची कलमं त्या चौकटीत येतात का, हा वाद वकिलांना बराच काळ पुरेल.

खानापूरचा_गडी
मग शहापूरकर, निकाल काय द्यायचा? आपल्या बाजूचं की विरोधातलं?

शहापूरकर
माझं मत सांगतो, पटलं तर बघा. कुळांसाठी, जमिनीसाठी ते विधेयक आपल्या बाजूचं होतं, इथल्या मराठी आणि कानडी दोन्ही कुळांच्या. भाषेसाठी धोक्याचं होतं आणि तो धोका तेव्हा त्यांना दिसला नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढं अल्पसंख्य म्हणजे जमीनदार होता, आपण नव्हतो. सीमेसाठी त्याचा संबंधच नाही, सीमा कलम ३ ची गोष्ट आहे, आणि तिथं तर त्यांचीच वाट आपण सोडून दिलीये असं मला वाटतं. कोर्टात केस चालू दे, पण लोकसभेत शेवटचा कधी कुणी सीमाभागावर धड अर्धा तास बोलला ते सांगा बघू. महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत. १७ जानेवारीला इथं यायची परवानगी मिळत नाही म्हणून सीमेवर अडवून घेतलेले फोटो खूप येतात, लोकसभेतलं भाषण येत नाही.

कंग्राळी_बॉय
जुनी भाषणं वाचायला मिळतात कुठं?

शहापूरकर
संसदेच्या डिजिटल लायब्ररीत चौथ्या लोकसभेचे वादविवाद स्कॅन करून टाकलेत, फुकट आहेत. १९६७ एप्रिलपासून उघड, शुक्रवारची पानं बघ, खासगी विधेयकं त्याच दिवशी असायची. इंग्रजी जड आहे, अक्षर पण फिकट. अडलं तर इथं टाक, वकीलसाहेब आहेत.

टिळकवाडी_वकील
टाक. फी नाही. पण आधी विरोधकांची भाषणं वाच, मग नाथ पैंचं.